धरणे आणि सोडणे



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय आणि राजकारण यांच्या पंगती उठत असताना मध्येच एका संध्याकाळी रसायनशास्त्राचे पान वाढावयाचे, हे चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. ते धाडस त्यांच्या अंगाशी येऊ नये, ही जबाबदारी आता आमच्यावर आली आहे. आमच्या बाजूने एकच गोष्ट आहे. ज्या वस्तूविषयी आम्ही बोलणार आहोत ती पाहावयास दूर जावे लागत नाही. ती या मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात आहे, आणि आमचे हे एक वाक्य पुरे होईपर्यंत तिच्या अब्जावधी कणांनी आपले रूप पालटलेले असेल. ती वस्तू म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन, आणि आमचा विषय म्हणजे तिचे हे रूप पालटणे.

प्रथिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डाळ, दूध आणि अंडी येतात. ते चूक नाही. परंतु त्या प्रथिनांचे शरीरात काय होते, हे सहसा आपण विचारीत नाही. शरीर अन्नातील प्रथिने मोडते, त्यांचे मणी सुटे करते आणि त्या मण्यांतून आपल्या गरजेप्रमाणे नव्या माळा ओवते. हे मणी म्हणजे ॲमिनो आम्ले. त्यांचे मुख्य प्रकार अवघे २०. पण क्रम आणि लांबी बदलून त्यांतून हजारो निरनिराळी प्रथिने होतात. माळ ओवून झाली की ती सैल पडून राहात नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिला एक ठरावीक आकार येतो. या आकारातच तिचे काम असते. विळीने चिरता येते आणि वाटीत ओतता येते, ते दोन्हींचे लोखंड निराळे म्हणून नव्हे, घडण निराळी म्हणून. प्रथिनांचेही तसेच आहे.

ही घडण विळीसारखी कायमची ठोकून दिलेली असते, असे शास्त्रज्ञ पुष्कळ काळ समजत होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर याने १८९४ साली कुलूपकिल्लीचा दृष्टान्त दिला. शरीरातील पाचक द्रव्य एका शर्करेवर चालते आणि तिच्याच बहिणीवर चालत नाही, याचे कारण एका कुलपाला एकच किल्ली लागते, असे त्याने सांगितले. दृष्टान्त इतका सुबक होता की अर्धे शतक तो पुरला. पण किल्ली घातल्याने कुलपाचा आकार बदलत नाही. प्रथिनाचा बदलतो. डॅनियल कॉशलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली सुचविले की कुलपापेक्षा हातमोज्याची उपमा अधिक बरी. मोजा नुसता पडलेला असतो तेव्हा त्याला हाताचा आकार नसतो. हात आत गेला म्हणजे तो येतो. आपल्या पेशींत साखरेवर पहिली प्रक्रिया करणारे हेक्सोकायनेज नावाचे प्रथिन आहे. ग्लुकोजचा रेणू त्याच्या फटीत शिरला की त्याच्या दोन्ही पाळ्या शिंपल्याप्रमाणे मिटतात. मिटल्यानंतरच काम सुरू होते.

आता हिमोग्लोबिनकडे वळू. त्याची थोरवी कळावयाची तर प्रथम त्याच्यापुढची अडचण समजून घेतली पाहिजे. आपल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू पाण्यात फारच थोडा विरघळतो. फुप्फुसातून निघालेल्या एक लिटर रक्तात नुसता विरघळलेला प्राणवायू सुमारे ३ मिलिलिटर असतो. एवढ्यावर माणूस जगणे शक्य नाही. हिमोग्लोबिनमुळे त्याच एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू मावतो. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी, प्रत्येक पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू आणि प्रत्येक रेणूवर प्राणवायूच्या चार रेणूंची जागा, असा हा पसारा आहे.

तेव्हा प्राणवायू धरून ठेवणे हेच हिमोग्लोबिनचे काम, असे कोणालाही वाटेल. पण अडचण धरण्याची नाहीच. ती सोडण्याची आहे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी मोट चालताना पाहिली असेल. विहिरीवरच्या मोटा आता इतिहासजमा झाल्या, तरी सोंडेच्या मोटेची युक्ती विसरण्यासारखी नाही. मोट विहिरीत भरते तेव्हा तिची सोंड वर दुमडलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट वर आली की सोंड पुढे ओढली जाऊन थारोळ्यात मोकळी पसरते आणि पाणी आपोआप पाटाला लागते. नुसते भरून घेणारे भांडे आणि मोट यांत फरक आहे तो एवढाच की मोट दोन ठिकाणी दोन रूपे घेते. खाली धरण्याचे रूप, वर सोडण्याचे रूप. शेत भिजते ते या दुसऱ्या रूपामुळे.

आकड्यांनीही ही गोष्ट पाहता येते. आपल्या स्नायूंत मायोग्लोबिन नावाचे एक प्रथिन आहे. ते हिमोग्लोबिनचे धाकटे भावंडच म्हणावयाचे; एकच साखळी, एकच लोहाचा अणू, प्राणवायूची एकच जागा. फुप्फुसात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर राबणाऱ्या स्नायूत तो २० पर्यंत उतरतो. मायोग्लोबिनला जर रक्तवाहतुकीचे काम दिले तर ते फुप्फुसात जवळजवळ पूर्ण भरेल हे खरे. परंतु स्नायूशी आल्यावरही ते सुमारे नऊ दशांश माल गाडीतच ठेवून परत फिरेल. शंभरातले दहा दिले न दिले. हिमोग्लोबिन फुप्फुसात शंभरातल्या ९७-९८ जागा भरून घेते आणि त्याच २० मिलिमीटर दाबाला त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश रिकाम्या करते. आपण स्वस्थ बसलेले असताना मात्र ते साधारण चौथा हिस्साच देते आणि बाकीचा राखून ठेवते. म्हणजे देण्याची ताकद आहे, उधळपट्टी नाही. हे त्याला कसे साधते?

कोपनहेगनच्या ख्रिस्तियान बोरने, म्हणजे अणुशास्त्रज्ञ नील्स बोरच्या वडिलांनी, १९०४ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर याचे मोजमाप प्रसिद्ध केले. प्राणवायूचा दाब वाढवीत नेला तर हिमोग्लोबिन प्रथम नाखुषीने थोडा घेते, मग एकाएकी झपाट्याने घेऊ लागते आणि शेवटी भरून थांबते. आलेख काढला तर त्याला नागमोडी वळण येते. पुढे १९२५ साली गिल्बर्ट ॲडेअरने दाखविले की हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे एक नव्हे, चार अणू आहेत. आता त्या नागमोडी वळणाचा अर्थ लागू लागला. पहिल्या जागी प्राणवायू बसणे अवघड. पण तो बसला की उरलेल्या जागी बसणे सोपे होत जाते. उलट दिशेनेही तेच. एक सुटला की बाकीच्यांचे सुटणे सोपे. चार जागा एकमेकींना काही तरी कळवीत आहेत, हे निश्चित झाले. कसे कळवितात, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

याचा पहिला सुगावा एका सूक्ष्मदर्शकाखाली लागला. प्रागमध्ये फेलिक्स हाउरोविट्झ नावाचे शास्त्रज्ञ होते. प्राणवायू काढून घेतलेल्या हिमोग्लोबिनचे जांभळट, षट्कोनी पातळ स्फटिक ते काचेखाली ठेवून पाहात होते. काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते षट्कोनी स्फटिक विरघळू लागले. त्यांच्या जागी लालभडक सुयांसारखे निराळेच स्फटिक उगवले. १९३८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. स्फटिक म्हणजे रेणूंची रचून ठेवलेली रास. विटा त्याच राहिल्या असत्या तर भिंत कोसळण्याचे कारण नव्हते. भिंत कोसळली, याचा अर्थ प्राणवायू लागताच विटेचा आकारच बदलला.

हाउरोविट्झ यांच्याकडे १९३७ साली एक तरुण नातलग सल्ला मागावयास आला होता. त्याचे नाव माक्स पेरुत्झ. जन्म व्हिएन्नाचा, १९१४ चा; १९३६ पासून तो केंब्रिजला क्ष-किरणांनी स्फटिकांची अंतर्रचना पाहण्याचे शिक्षण घेत होता. हिमोग्लोबिनच हाती घे, असा सल्ला मिळाला आणि त्याने तो मानला. ही हौस किती दांडगी होती याची कल्पना यावी म्हणून सांगतो. मिठाच्या स्फटिकात दोन प्रकारचे अणू एकाआड एक मांडलेले असतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत सुमारे दहा हजार अणू आहेत. क्ष-किरण स्फटिकातून गेले की छायापटावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. तीवरून अणूंची मांडणी काढावयाची, पण त्यासाठी लागणारी अर्धी माहिती रांगोळीत उमटतच नाही. महायुद्धात शत्रुदेशीय म्हणून पेरुत्झ यांना स्थानबद्ध करून कॅनडापर्यंत नेण्यात आले. सुटून आल्यावर त्यांनी तेच काम पुन्हा धरले. १९५३ साली त्यांना वाट सापडली. हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू ठरावीक ठिकाणी चिकटवावयाचे आणि रांगोळीत काय फरक पडतो ते पाहावयाचे. १९५९ साली रेणूचे पहिले ढोबळ चित्र तयार झाले. सुरुवातीपासून २२ वर्षे लागली होती. १९६२ साली त्यांना आणि मायोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या जॉन केंड्र्यू यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या मते पेरुत्झ यांची खरी कामगिरी पारितोषिकानंतरची आहे. मिळालेले चित्र प्राणवायू धरलेल्या रूपाचे होते. १९६३ साली हिलरी म्युरहेड यांच्यासमवेत त्यांनी प्राणवायू सोडलेल्या रूपाचेही चित्र काढले आणि दोन्ही शेजारी ठेवली. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते. दोन आल्फा आणि दोन बीटा. प्राणवायू सोडताना दोन बीटा साखळ्या एकमेकींपासून दूर सरकतात, हे त्यात दिसले. पुढे अधिक बारीक चित्रे मिळाली आणि १९७० साली पेरुत्झ यांनी सारी यंत्रणा मांडली. नंतर तपशील पुष्कळ सुधारले गेले, पण तिचा कणा टिकला आहे.

ती यंत्रणा अशी. प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम नावाची एक चपटी चकती बसविलेली आहे आणि चकतीच्या मध्यभागी लोहाचा अणू आहे. प्राणवायू नसतो तेव्हा हा अणू चकतीच्या पातळीत मावत नाही. तो किंचित बाहेर डोकावतो. किती किंचित? एका मिलिमीटरचे एक कोटी भाग करावे, आणि त्यांतल्या एका भागाच्या निम्म्याहूनही कमी. प्राणवायू येऊन लोहाला बिलगला की लोहाची इलेक्ट्रॉन-मांडणी बदलते आणि तो अणू चकतीच्या पातळीत ओढला जातो. पण लोह मोकळे नाही. मागच्या बाजूने त्याला साखळीतल्या हिस्टिडीन नावाच्या मण्याने धरलेले आहे. लोह सरकले की हिस्टिडीन सरकते, त्याच्याबरोबर साखळीचा तेथला पिळा सरकतो आणि त्याचा रेटा शेजारच्या साखळीच्या सांध्यावर बसतो. एक रेटा एकट्याने पुरत नाही. दोन-तीन जागी असा रेटा बसला की सांधे पकड सोडतात आणि रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या मानाने सुमारे १५ अंशांनी फिरतो. या नव्या ठेवणीत उरलेली लोहे चकतीत शिरावयास आधीच निम्मी तयार असतात. म्हणून शेवटचा प्राणवायू पहिल्यापेक्षा कितीतरी सहज बसतो.

पालखीचे चार भोई आठवा. एकाने पाऊल बदलले तर इतर तिघे क्षणभर त्याला दाबून धरतील. दोघांनी, तिघांनी बदलले तर चौथ्याला बदलावेच लागते. भोई एकमेकांशी बोलत नाहीत. खांद्यावरचा दांडाच निरोप पोहोचवितो. हिमोग्लोबिनच्या चार जागा एकमेकींपासून दूर आहेत, एकीचा प्राणवायू दुसरीला दिसतही नाही. पण रेणूची घडणच हा निरोप वाहते.

१९६५ साली पॅरिसचे झाक मोनो, जाँ-पिएर शांजे आणि अमेरिकेचे जेफ्रीज वायमन यांनी या प्रकाराला एक सर्वसाधारण रूप दिले. त्यांचे म्हणणे असे की अशा प्रथिनाला मुळातच दोन ठेवणी असतात, एक ताणलेली आणि एक सैल. रेणू या दोहोंत सदैव जा-ये करीत असतो; प्राणवायू येतो तो सैल ठेवणीला पसंती देतो आणि तिचे पारडे जड करतो. कॉशलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली उलट बाजू मांडली. त्यांच्या मते ठेवण आधी नसते. पाहुणा आल्यावर एकेक साखळी बदलत जाते. पाहुणा आला म्हणून घर आवरले, की आवरलेले घर पाहून पाहुणा उतरला, असा हा वाद आहे. आज असे मानतात की निरनिराळ्या प्रथिनांत दोहोंचे कमीअधिक मिश्रण आढळते. हिमोग्लोबिनच्या बाबतीत मोनो मंडळींचे चित्र बरेचसे लागू पडते. रोगांवर चालणारी काही नवी औषधेही याच ज्ञानावर उभी आहेत. एका प्रकारच्या रक्तकर्करोगावरचे इमॅटिनिब हे औषध, जे २००१ साली वापरात आले, ते दोषी प्रथिनाला त्याच्या निष्क्रिय ठेवणीतच अडकवून ठेवते.

आता या रूपपालटाचे व्यवहारातले फळ पाहू. राबणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल तयार होते. हे आम्ल हिमोग्लोबिनच्या ताणलेल्या, म्हणजे सोडणाऱ्या ठेवणीला बळकटी आणते. परिणामी जो स्नायू अधिक राबतो त्याच्यापाशी हिमोग्लोबिन अधिक प्राणवायू सोडते. कोणाला किती द्यावयाचे याचा हिशेब ठेवणारा कारकून कोठेही बसलेला नाही; राबण्याची खूण हीच मागणीची चिठ्ठी होते. याला बोरच्याच नावाने ओळखतात.

दुसरे उदाहरण. तांबड्या पेशीत फॉस्फेटयुक्त असा एक छोटा रेणू असतो. त्याला लघुनावाने डीपीजी म्हणतात. हा रेणू हिमोग्लोबिनच्या दोन बीटा साखळ्यांमधल्या पोकळीत पाचर मारल्यासारखा बसतो. सोडणाऱ्या ठेवणीत ती पोकळी रुंद असते, धरणाऱ्या ठेवणीत अरुंद होऊन पाचर बाहेर पडते. म्हणजे पाचर जितकी अधिक तितके सोडणे सोपे. आपल्यापैकी कोणी लेह-लडाखला जाऊन राहिले तर काही दिवसांत त्यांच्या रक्तात या पाचरी वाढतात आणि विरळ हवेतही पेशींची सोय होते. गर्भातल्या बाळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्यांत ही पाचर नीट बसत नाही. त्यामुळे बाळाचे हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा अधिक घट्ट धरते. आईचे सोडते, बाळाचे घेते. वारेच्या दोन बाजूंना चाललेला हा व्यवहार दोन प्रथिनांच्या आकारांतील एवढ्याशा फरकावर चालतो.

सोडण्याची ताकद गेली तर काय होते, हे दुर्दैवाने आपल्या घरांतूनही पाहावयास मिळते. थंडीत खोलीची दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवितात, किंवा कोंदट न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवतात, आणि माणसे झोपेतल्या झोपेत किंवा आंघोळ करता करता जातात. यात मारेकरी असतो तो अर्धवट जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. पण जागा अडविणे एवढाच त्याचा अपराध असता तर माणूस इतक्या लवकर दगावला नसता. पंडुरोगाने ज्याचे निम्मे हिमोग्लोबिन गेले आहे असा माणूस थकतो, धापा टाकतो, तरी हिंडतोफिरतो. निम्म्या जागा या विषारी वायूने अडविलेला माणूस मात्र मृत्यूच्या दारात असतो. कारण तो वायू चारांपैकी ज्या रेणूवर एक-दोन जागी बसतो तो रेणू धरण्याच्या ठेवणीत अडकतो आणि उरलेल्या जागांवरचा प्राणवायूही सोडीत नाही. रक्त भरलेले, लालबुंद, आणि पेशी उपाशी! म्हणून शेगडी पेटविली की खिडकी उघडी ठेवा, आणि न्हाणीघरात हवा खेळती राहील असे पाहा.

आता शेवटच्या आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. जो रूपपालट जीवन चालवितो तोच एका रोगात जीवावर उठतो. तो रोग म्हणजे सिकलसेल. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजला १९५६-५७ साली तो नेमका दाखवून दिला. बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आहे. १४६ मण्यांत एक मणी निराळा, आणि त्याने आयुष्य पालटते.

हा निराळा मणी रेणूच्या पृष्ठभागावर आहे आणि तो पाण्याला विन्मुख, तेलकट स्वभावाचा आहे. फुप्फुसात, प्राणवायू धरलेल्या ठेवणीत, त्याच्यामुळे काहीच बिघडत नाही. पण प्राणवायू सुटला, ठेवण पालटली, की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक खोबण अशी तयार होते की हा तेलकट मणी तीत नेमका बसावा. मग एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला अडकतो, त्यांचे लांब ताठ दोर वळले जातात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांतून, सांध्यांतून, छातीतून उठणाऱ्या त्या कळा ज्यांनी सोसल्या आहेत त्यांनाच त्या ठाऊक. लक्षात घ्या, ज्या क्षणी हिमोग्लोबिन आपले कर्तव्य करते, प्राणवायू देते, त्याच क्षणी हा रोग प्रकट होतो.

तरीही रुग्ण जगतो, तो एका सवडीच्या जोरावर. दोर वळावयास थोडा वेळ लागतो. तापत ठेवलेल्या दुधात बराच वेळ काही दिसत नाही आणि मग ते एकाएकी वर येते, तसे हे आहे. बहुतेक पेशी त्या सवडीत बारीक वाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परततात, आणि प्राणवायू मिळताच पुन्हा ठीक होतात. पेशीतले पाणी कमी झाले, हिमोग्लोबिन दाट झाले, की ही सवड फार झपाट्याने घटते. रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, उन्हातान्हात कोरडे राहू नये, थंडी आणि ताप यांपासून जपावे, असे डॉक्टर सांगतात त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. पाण्याचा तांब्या येथे औषधाच्या बरोबरीचा आहे.

भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि इकडे नंदुरबार, धुळे या भागांत तो आढळतो. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या समाजांत आणि विदर्भातील इतरही समाजांत. ज्याला एका पालकाकडून दोष आणि दुसऱ्याकडून निरोगी वारसा मिळाला तो केवळ वाहक असतो. तो रोगी नव्हे. इतकेच नव्हे, तर मलेरियापासून त्याला काही संरक्षण मिळते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखविले. मलेरियाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेच. दोन्ही पालक वाहक असले तर मात्र प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक इतका रोगाचा संभव असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे.

या तपासणीची पहिली पायरी आमच्या आजच्या विषयाचेच प्रात्यक्षिक आहे. रक्ताचा थेंब एका द्रावात टाकतात. त्यातले द्रव्य प्राणवायू काढून घेते. दोषी हिमोग्लोबिन असले तर रूप पालटताच ते विरघळेनासे होते, द्राव गढूळ होतो आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. नळी गढूळ झाली म्हणजे माणूस रोगीच, असे नाही, वाहकाचीही होते. पुढची चाचणी करूनच ते ठरते. हे सांगण्याचे कारण असे की नळी गढूळ झालेल्या मुलीचे लग्न मोडावे, सुनेला बोल लावावा, असे प्रकार घडू शकतात. ज्याने प्रथिनाची ही गोष्ट ऐकली त्याने तसे होऊ देऊ नये. मुलाला हा रोग होतो तेव्हा वारसा आई आणि बाप दोघांकडूनही आलेला असतो. दोष एकटीच्या माथी मारण्यास शास्त्रात तिळभरही आधार नाही. आणि लग्नाआधी दोघांनीही तपासणी करून घेणे यात कमीपणा कसलाच नाही.

उपचारांतही हाच धडा मिळतो. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही वाढविते. त्या दोरांत हे हिमोग्लोबिन वळले जात नाही, म्हणून कळा कमी होतात. दुसऱ्या एका औषधाने सरळ ठेवणीलाच हात घातला. व्हॉक्सेलोटॉर हे औषध हिमोग्लोबिनला धरणाऱ्या ठेवणीत रोखते, जेणेकरून दोर वळलेच जाऊ नयेत. २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण जे धरून ठेवले ते सोडणार कसे, अशी शंका काही तज्ज्ञांनी आधीच काढली होती. रुग्णांतील मृत्यू आणि तीव्र कळा यांची आकडेवारी प्रतिकूल दिसल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतले. दोषाचे कारण कोणते हा प्रश्न वेगळा ठेवला, तरी एवढे खरे की रूपपालट ही बंद करून टाकण्याजोगी गोष्ट नाही. ती जपून हाताळावी लागते.

२०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या आकाराचे भाकीत संगणकाने वर्तविणाऱ्या आणि नवी प्रथिने आखणाऱ्या शास्त्रज्ञांना मिळाले. पेरुत्झ यांना ज्यासाठी २२ वर्षे लागली त्या तोडीचे चित्र आता थोड्या वेळात पडद्यावर येते. परंतु ते एका स्थिर रूपाचे चित्र असते. प्रथिन एका रूपातून दुसऱ्यात कसे जाते, वाटेत कोठे थबकते, कोणाच्या स्पर्शाने वळते, हे सांगणे आजही कठीण आहे. या मंडपात जी शाळा-कॉलेजांतली मुले बसली आहेत त्यांना आम्ही सांगू की पंगत अजून उठलेली नाही. तुमची पाने मांडून ठेवलेली आहेत.

घेण्याच्या शक्तीला आपण सामर्थ्य म्हणतो आणि देण्याला गुण म्हणतो. हिमोग्लोबिनच्या बाबतीत हा भेद उरत नाही, कारण त्याचे देणे हेच त्याचे सामर्थ्य आहे. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर एखाद्या पोराच्या अंगात तेच देणे वेदना होऊन उभे राहाते. त्याच्यापर्यंत वेळेवर तपासणी, औषध आणि हो, पाण्याचा तांब्या पोहोचविणे, हे मात्र कोणत्याही रेणूवर सोपविता येणार नाही. ते आपले काम आहे.